दादाला फिका चहा चालत नसे

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर टेबलावर बुंदीचा लाडू होता. मी इंद्रवेल्लीच्या एका सरकारी ऑफिसात कारकून आहे. त्या सकाळी आमच्यातल्या एकाला नातू झाला होता आणि त्यानं वर्तमानपत्राचे तुकडे करून प्रत्येकाच्या टेबलावर एकेक लाडू ठेवला होता. कागदावर तुपाचा डाग हळूहळू पसरत होता. फोन वहिनीचा होता. "बेबीताई, तुमचे दादा बोलून नाही राह्यले... मी किती हाका मारल्या. हात थंडा लागून राह्यला," एवढंच ती म्हणाली आणि मग फोनमधून नुसता घरातला गलबला ऐकू येत राहिला. मी पर्स उचलली, साहेबांच्या दारात उभं राहून जाते म्हणून सांगितलं. जिना उतरत होते तेव्हा मागून कोणीतरी हाक मारली, "मॅडम, लाडू राह्यला तुमचा!"

आदिलाबादजवळच्या मावला गावात दादाच्या घरी पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं, यशवंत गुरुजी शुगरनं गेले. आमच्याकडं आता हे वाक्य इतकं सरावाचं झालंय, की ते म्हटलं की ऐकणारा मान हलवतो, आपल्या घरातल्या एखाद्याचं नाव घेतो आणि विषय संपतो. जणू शुगर म्हणजे वय झाल्यावर येणारे पांढरे केस. माझा भाऊ साठीलाही पोचला नव्हता. त्याच्या मरणाला महिना होऊन गेला, तरी तो विषय तसा संपवणं मला जमत नाही. दादाचा जीव साखरेनं घेतला हे खरं आहे. पण साखर त्याच्या ताटात कुठून आली आणि तिथून ती काढून टाकणं त्याला का जमलं नाही, हे अंगणात कोणाला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक आहे, म्हणून लिहिते.

आमचं गाव पैनगंगेच्या अलीकडचं, आदिलाबाद जिल्ह्यातलं. माय आणि बाबा, दोघंही पाटलांच्या शेतात कामाला. घरात ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा. वरण झालं तर सण. तेल एका छोट्या औषधाच्या बाटलीत यायचं. माय ते वाटीनं किंवा चमच्यानं कधी घेत नसे, बाटलीच्या तोंडावर बोट धरून तेवढं ओलं झालेलं बोट तव्यावर फिरवायची. साखर आमच्या घरी जयंतीच्या दिवशी यायची, तीही पुडीत, आणि त्या दिवशी माय शिरा करायची. दादा शिऱ्याची वाटी घेऊन घराच्या मागं जायचा आणि इतका हळूहळू खायचा, की माझी वाटी संपून मी त्याच्या वाटीकडं बघत उभी राहायची. मग तो उरलेला घास मला द्यायचा. दादा माझ्याहून थोडाच मोठा, पण लहानपणापासून त्याचं असंच होतं. आधी दुसऱ्याच्या तोंडात, मग आपल्या.

सुट्टीच्या दिवशी दादा बाबांबरोबर पाटलांकडं जायचा, गुरांचं शेण काढायला. काम आटोपलं की मागच्या दाराशी चहा मिळायचा. त्यासाठीच्या कपबश्या वेगळ्या असायच्या, गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलेल्या. पिऊन झाल्यावर आपणच विसळून परत तिथं ठेवायच्या. घरातल्यांचा चहा झाल्यावर त्याच पत्तीवर पुन्हा पाणी टाकून उकळलेला तो काळा चहा. त्यात दूध नसे, साखर नसे. आतून कोणीतरी तो लांबूनच कपात ओतायचं. एकदा दादानं बाबांना विचारलं, "बाबा, हा गोड काऊन नाही?" बाबा म्हणाले, "असाच राह्यते." दादाला तेव्हाही ठाऊक होतं की तो असाच राहत नाही, कारण आत ओट्यावर साखरेचा डबा त्याला दिसायचा. ही गोष्ट त्यानं मला कितीतरी वर्षांनी सांगितली, आणि ती कशी सांगितली ते पुढं येईलच.

दादा शिकला. गावातल्या मराठी शाळेत, मग आदिलाबादच्या वसतिगृहात, मग मास्तरकीचं शिक्षण घेऊन जिल्ह्यातल्याच एका मराठी शाळेवर शिक्षक झाला. आमच्या अख्ख्या नात्यागोत्यात पगार घेणारा तो पहिला माणूस. पहिला पगार झाला त्या दिवशी तो ऑटोत बसून गावी आला. त्याच्या पायाशी तेलाचा पत्र्याचा डबा होता आणि मांडीवर साखरेची थैली. "माय, आज पुऱ्या," असं म्हणून त्यानं कढई भरून तेल ओतलं. एवढं तेल एका जागी पाहून माय कढईसमोर तोंडावर हात ठेवून बसून राहिली होती... तिला पुरी सोडायचा धीरच होईना. मग दादानंच पहिली पुरी सोडली, ती फुगली, आणि माय रडायला लागली. संध्याकाळपर्यंत पुऱ्या चालल्या. वस्तीतली सगळी पोरं येऊन खाऊन गेली. शेवटी कढईत उरलेलं काळपट तेल माय फडक्यानं गाळून पुन्हा डब्यात भरत होती, तेव्हा दादा म्हणाला, "माय, फेक ते. आता आपल्याले उष्टं तेल खाची गरज नाही." मायनं ते फेकलं नाही. पुढं जन्मभर तिनं तळणीचं तेल पुन्हापुन्हा वापरलं, आणि तिच्याकडून ती सवय वहिनीकडं आली.

लग्न होऊन वहिनी किनवटच्या बाजूनं आली. दादानं मावल्याला घर बांधलं आणि त्या घराचा एक नियम ठरून गेला, की तिथून कोणी सुक्या तोंडानं परत जायचं नाही. पोस्टमन आला तरी शिरा. शाळेतली पोरं पेपर घ्यायला आली तर भजी. चहात साखर इतकी, की कपाच्या तळाशी न विरघळलेली उरायची, आणि ती बोटानं चाटायला दादाला आवडायचं. सकाळी पुरीभाजी किंवा तेलात चिंब पोहे, शाळेतून आल्यावर टोस्ट नाही तर क्रीमची बिस्किटं, संध्याकाळी मिरचीभजी, रात्री पांढराशुभ्र बारीक तांदळाचा भात, त्यावर तेलाचा तवंग आलेली भाजी. ज्वारी त्यानं घरातून हद्दपार केली होती. वहिनीनं एकदा हौसेनं भाकरी केल्या तर म्हणाला, "ही आपल्या घरी नको करू. लय खाल्ली." शाळा जवळ होती तरी मोटरसायकलनं जायचा. पायी शाळेला जायचे दिवसही त्यानं लय पाहिले होते. हळूहळू पोट सुटलं आणि गावाकडची म्हातारी माणसं त्याच्या पोटावर हात ठेवून कौतुकानं म्हणायची, "मास्तर सुखात हाये." दादा ते पोट मिरवायचा. बाबांच्या बरगड्या मोजता येत असत. त्यांच्या पोराला पोट होतं, आणि आम्हां सगळ्यांना ती प्रगतीच वाटायची.

चाळिशी येते न येते तोच दुखणं कळलं. पायाच्या अंगठ्याला लागलेलं भरेना, वर्गात बसल्या बसल्या डोळा लागायचा, सारखी लघवी. तपासलं तर साखर भलतीच वाढलेली, आणि लिव्हरवर चरबी. डॉक्टर तेलुगू होते, घाईतले. "गोड बंद, तळलेलं बंद, भात कमी, रोज चालायचं," एवढं बोलून त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं. दादा बाहेर येऊन हसला. "बेबे, बाबाच्या पिढीले खायले भेटलं नाही म्हनून ते मेले. आमाले आता कुठी भेटून राह्यलं, तं हा म्हंते बंद करा." पुढं एकदा दुसऱ्या एका डॉक्टरीण बाईंनी, त्या जरा निवांत होत्या म्हणून, आम्हांला समजावून सांगितलं होतं. ज्यांचं बालपण अर्धपोटी गेलं, त्यांच्या शरीराला थोडक्यात भागवायची सवय लागलेली असते. पुढं त्यांच्यापुढं अचानक साखर आणि तेल आलं, की ते शरीर ते पेलू शकत नाही. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या खायला होतं, त्यांच्याआधी हा रोग अशा माणसांना गाठू शकतो. मी ते ऐकून घरी आले आणि माझं डोकं भणाणून गेलं. म्हणजे आधी उपाशी ठेवलं त्याचीही किंमत आम्हीच द्यायची, आणि नंतर पोटभर खाल्लं त्याचीही!

दवाखान्यातून आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी मावल्यालाच होते. वहिनीनं सकाळी डॉक्टरांचं ऐकून बिनसाखरेचा चहा केला आणि दादापुढं ठेवला. दादानं एक घोट घेतला. मग कप डोळ्यांसमोर धरून नुसता बघत राहिला. त्याचा चेहरा असा झाला होता, की वहिनीला वाटलं चहात काही पडलंय. तो उठला, अंगणात गेला आणि सगळा चहा मातीत ओतून दिला. परत येऊन म्हणाला, "मले फिका चहा देत जाऊ नको. मी पाटलाच्या मांगच्या दाराशी फिका चहा पेलेला मानूस हाये." आणि मग त्यानं ते सगळं सांगितलं, कोनाड्यातल्या कपबश्या, आतला साखरेचा डबा, "असाच राह्यते" म्हणणारे बाबा. मायला ठाऊक होतं, पण वहिनीला आणि मला हे तो पहिल्यांदाच सांगत होता. वहिनी ओट्याशी पाठ करून उभी होती. तिनं पुन्हा पातेलं ठेवलं, साखर टाकली, आणि त्यानंतर शेवटपर्यंत तिनं त्याला फिका चहा दिला नाही. लोक म्हणतात बायकोनं सांभाळायला हवं होतं. त्यांनी त्या सकाळी तो चेहरा पाहिला असता तर मला सांगा, कोणाचा हात साखरेच्या डब्याकडं गेला नसता?

मी त्याला म्हणत राहिले, "दादा, मंग चहाच नको पिऊ. ताक पे, लिंबूपानी पे." तो म्हणायचा, "गोळी घेतो ना मी." गोळी म्हणजे त्याच्या दृष्टीनं परवाना. दोन गुलाबजाम खायचे आणि वर एक गोळी घ्यायची. त्याच्यावर मी रागवायची, पण सगळा दोष त्याला देणं मला जमत नाही. लग्नाला गेलो की यजमान हात धरून ताटात जिलबी टाकायचे, "गुरुजी, एकानं काय होते?" साक्षगंध, बारसं, वाढदिवस, बढती, घरभरणी, परीक्षेचा निकाल... आमच्याकडं आनंद दाखवायला साखरेशिवाय दुसरी वस्तूच उरली नाही. जो तो आपल्या एका घासापुरताच बोलतो. ते सगळे एकेक घास एकाच माणसाच्या पोटात जातात, याचा हिशेब त्यातला कोणी करत नाही. नको म्हटलं तर मान गेल्यासारखं तोंड करतात. दादाला कोणाचं तोंड तसं झालेलं बघवत नसे.

एका डॉक्टरांनी त्याला सांगितलं, "ज्वारीची भाकर खा, सोबत पालेभाजी, मूठभर शेंगदाणे चालतील." त्या दिवशी दादा इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "ज्या भाकरीतून सुटाले मी शिकलो, तीच डॉक्टर औषध म्हनून सांगून राह्यला!" मी शहरातल्या मोठ्या दुकानात पाहिलंय, ज्वारीचं पीठ आता चकचकीत पाकिटात मिळतं आणि गाडीतून उतरणारी माणसं ते घेऊन जातात. आमच्या मायनं जन्मभर तेच थापलं, तेव्हा त्याला कोणी पौष्टिक म्हटलं नव्हतं. ती गरिबाची भाकर होती. वहिनीनं पुन्हा ज्वारी आणली, दादानं चार-सहा दिवस खाल्लीही, पण ताटावर बसला की त्याचं तोंड उतरायचं. शेवटी वहिनीच म्हणाली, "राहू द्या."

मध्ये एकदा छातीत दुखलं तेव्हा तो खरा घाबरला. घाबरला आणि त्यानं तेल सोडलं, अगदी थेंबभरही नको. भजी गेली, पुरी गेली, भाजी पाण्यात शिजायला लागली. आम्हांला वाटलं सुधारला. पण पोट तर भरायला हवं. तेलाच्या जागी आले टोस्ट, खारी, बिस्किटं, डब्यातला फळांचा रस, आणि दुपारी भुकेला पुन्हा गोड चहा. "हे हलकं राह्यते, यात तेल कुठी हाये?" असं तो म्हणायचा. बिस्किटांत साखर असते तसंच तेलही असतं, तेही घट्ट केलेलं, स्वस्तातलं, हे त्याला कोणी सांगितलं नाही आणि मी सांगितलं ते त्यानं ऐकलं नाही. शेंगदाणे सोडले, ज्यांनी फारसं बिघडलं नसतं. बिस्किटं धरली, ज्यांनी बिघडलंच. साखर आणखी चढली. एक शत्रू ओळखून त्याच्याशी लढत राहायचं आणि दुसऱ्याला रोज पाटावर बसवायचं, असं ते चाललं होतं.

मग डोळे. फळ्यावर लिहिता लिहिता त्याची ओळ खाली घसरायला लागली. तो मराठीचा शिक्षक, त्याचं अक्षर इतकं देखणं, की जिल्ह्यात कुठं फलक लिहायचा असला तर त्याला बोलावणं यायचं. एके दिवशी त्यानं एका शब्दावर दुसरा शब्द लिहिला, आणि वर्गातली पोरं हसली नाहीत, गप्प बसली. घरी येऊन तो मला फोनवर म्हणाला, "बेबे, पोरं हासले असते तं बरं झालं असतं." डोळ्यांच्या पडद्यावरच्या बारीक शिरा साखरेनं फुटल्या होत्या. लेसर झालं, थोडं दिसायला लागलं. पण डोळ्यांत जे झालं तेच आतही होत होतं. पुढच्या वर्षी पाय सुजले, तोंड सुजलं, आणि किडन्या गेल्याचं कळलं. नोकरीची वर्षं बाकी असताना शाळा सुटली ती सुटलीच.

डायलिसिस सुरू झालं आणि दादाच्या घरात माप आलं. दिवसाचं पाणी मोजून. डाळ नको, टमाटे नको, केळं नको, मीठ नको. जो माणूस मोजूनमापून मिळणाऱ्या तेलातून आणि साखरेतून बाहेर पडायला जन्मभर धडपडला, त्याच्यासाठी वहिनी सकाळी तांब्यात पाणी मोजून भरून ठेवायची आणि ते दिवसभर पुरवायचं. एकदा मी गेले तर तो मला म्हणाला, "बेबे, पाटलाच्या घरी पानी वरून वताचे, पन ओंजळ तं भरू देत होते." वहिनी ते ऐकून आत निघून गेली.

डायलिसिसच्या दवाखान्यातच एक गोष्ट घडली. डायलिसिसच्या खोलीत खाटा शेजारी शेजारी असतात, हाताला नळ्या लावून चार-चार तास पडून राहायचं. त्या दिवशी दादाच्या सोबतीला मी होते. शेजारच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ आले, मागं त्यांची सून थर्मास घेऊन. दादाला नीट दिसत नव्हतं, पण आवाज त्यानं ओळखला. ते आमच्या गावच्या पाटलांचे चिरंजीव होते, दत्तूभाऊ. बाबा त्यांच्याच शेतात राबले होते. दत्तूभाऊंनीही ओळखलं. "अरे, यशवंत गुरुजी! तुमाले बी हेच झालं का?" माणूस वाईट नव्हता. बोलणं मऊ, गुरुजी-गुरुजी म्हणून आदरानं. इकडची तिकडची चौकशी झाली. मग सुनेनं थर्मासमधून चहा ओतला आणि दत्तूभाऊ म्हणाले, "सूनबाई, गुरुजीले बी दे अर्धा कप. घ्या गुरुजी, फिकाच हाये. मी आता फिकाच पेतो."

खोलीत यंत्रांचा आवाज चालू होता. दादा म्हणाला, "नको."

"काऊन? आमच्या घरचा चालत नाही का तुमाले?" दत्तूभाऊ हसत हसत म्हणाले. त्यांना खरंच ती गंमत वाटत होती.

"तुमच्या घरचा मी लहानपनी लय पेलो," दादा म्हणाला. "असाच. फिका."

दत्तूभाऊंनी कपाळाला आठ्या घालून आठवायचा प्रयत्न केला. "कवा? तुमी आमच्या घरी आलते? मले तं काई आठवत नाही."

"समोरून नवतो आलो ना," दादा म्हणाला.

सुनेला ते कळलं असावं. तिनं थर्मासचं झाकण लावलं आणि ती खिडकीकडं बघायला लागली. दत्तूभाऊंनी एक घोट घेऊन कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तवाचा काळ येगळा होता, गुरुजी." दादानं मान दुसऱ्या बाजूला वळवली. उरलेला सगळा वेळ दोघंही नळ्या लावलेले हात बाजूला ठेवून, छताकडं बघत पडून होते, दोघांचंही रक्त शेजारच्या यंत्रांतून फिरून परत येत होतं. घरी येताना ऑटोत दादा म्हणाला, "त्याले आठवत बी नाही, बेबे. मी त्याच्या चहापाई आयुष्यभर साखर खाल्ली, अन् त्याले आठवत बी नाही." त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच तो गेला. ते त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं नव्हतं, पण माझ्या कानात तेच राहिलंय.

दादा गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी जेवणाला खीर होती. वहिनी नको म्हणत होती. साधं वरणभात करू, म्हणत होती. पण चुलत घरातली मोठी माणसं म्हणाली, "गुरुजीले गोड आवडे, गोडाशिवाय कसं?" आणि पातेलं भरून खीर झाली, वरून वनस्पती तुपात तळलेल्या पुऱ्या. माझ्या शेजारी आमचे एक भावजी बसले होते, त्यांनाही शुगर आहे, अंगठा कापून झालाय. त्यांनी वाटी पुन्हा पुढं केली. वाढणारा म्हणाला, "घ्या, एकानं काय होते?" मी माझं ताट तसंच ठेवून उठले. मला कोणाला उपदेश करायचा नव्हता. मला ओरडायचं होतं. पण ज्याच्या नावानं ती खीर वाटली जात होती, तो असता तर त्यानं स्वतः उठून सगळ्यांना दुसऱ्यांदा वाढली असती, हेही मला ठाऊक होतं. म्हणून मी मागं जाऊन हात धुतले.

गेल्या आठवड्यात मी वहिनीला तपासायला घेऊन गेले. तिची साखर वाढलेली निघाली. इतकी वर्षं ती दादाच्या पुढ्यात जे ठेवत होती तेच, त्याचं झाल्यावर, स्वतः खात होती, बहुतेक वेळा त्याच्या ताटात उरलेलं.  घरी आल्यावर ती दादाच्या खोलीत गेली. ती खोली अजून तशीच आहे, औषधांचा वास, खाटेवर घडी केलेली चादर. खाटेखालून तिनं एक खोका ओढला. त्यात चालायचे पांढरे बूट होते, रोग कळल्यावर काही वर्षांनी, हैदराबादला शिकायला असताना मुलानं वडिलांसाठी आणलेले. आतला कागदाचा बोळासुद्धा कोणी काढला नव्हता. वहिनीनं तो काढला, बूट तिला मोठे होत होते म्हणून टोकात जुन्या पातळाच्या चिंध्या कोंबल्या, नाड्या आवळल्या, आणि नऊवारी जरा वर खोचून ती तळ्याच्या रस्त्यानं चालायला निघाली. मी तिच्याबरोबर गेले. बूट तिच्या पायांत हलत होते, पावलागणिक डांबरावर आपटत होते. कोपऱ्यावरची शेजारीण दारात तांदूळ निवडत बसली होती, ती बघतच राहिली.

"काऊन वो बाई, हे गुरुजीचे बूट व्हय ना?"

"गुरुजीनं कवा घातले?" वहिनी म्हणाली, आणि थांबली नाही.